कारखान्यातील इन्सुलेशन आणि इंधनाची बचत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बॉयलरच्या कार्यक्षमतेवरील मागील लेखात आम्ही असे म्हटले होते की, वाफ बॉयलरमधून निघून वापराच्या जागी पोहोचेपर्यंत वाटेत किती उष्णता गमावते हे पाहिल्याशिवाय इंधनाचा हिशेब पूर्ण होत नाही. त्यावर आलेल्या पत्रांतील बहुतेक प्रश्न इन्सुलेशनचे, म्हणजे कारखान्यात ज्याला सर्रास लॅगिंग म्हणतात त्या कामाचे आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या कापड प्रक्रिया कारखान्यात १०० मिलिमीटर व्यासाची सुमारे ३०० मीटर लांबीची स्टीम लाइन असून वाफेचा दाब ७ बार आहे. पाइपवर ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगडी लोकर) आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. लाइनवरील २० व्हॉल्व्ह मात्र फ्लँजसह (बोल्टने जोडायच्या कड्यांसह) उघडेच आहेत. ते वारंवार उघडावे लागतात, म्हणून त्यांच्यावर लॅगिंग करत नाहीत, असे देखभाल विभाग सांगतो. एवढ्याशा उघड्या भागाने खरोखर फरक पडतो का?
— एक उत्पादन अभियंता

उत्तर : फरक पडतो, आणि तो बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा असतो. गेजवर ७ बार दाब दाखवणाऱ्या संपृक्त वाफेचे तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवा ३० अंशांची आणि स्थिर आहे असे धरले, तर १०० मिलिमीटरच्या उघड्या पाइपच्या प्रत्येक मीटरमधून ९०० ते ९५० वॅट उष्णता बाहेर जाते. त्यातील निम्म्याहून अधिक उष्णता प्रारणाने (किरणांच्या रूपाने) आणि उरलेली अभिसरणाने (हवेच्या हालचालीने) जाते. त्याच पाइपवर ५० मिलिमीटर रॉकवूल नीट बसवले की हा आकडा मीटरमागे ६० वॅटच्या आसपास येतो. आपल्या ३०० मीटर झाकलेल्या लाइनमधून जाणारी उष्णता त्यामुळे एकूण सुमारे १८ किलोवॅट भरेल.

आता व्हॉल्व्हकडे पाहू. व्हॉल्व्हचे अंग, बॉनेट (वरचे झाकण) आणि दोन्ही बाजूंच्या फ्लँज मिळून हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग त्याच व्यासाच्या निदान एक मीटर उघड्या पाइपइतका धरण्याची पद्धत आहे. या हिशेबाने २० व्हॉल्व्ह म्हणजे २० मीटर उघडा पाइप झाला आणि त्यांतून सुमारे १९ किलोवॅट उष्णता जाते. ३०० मीटरची झाकलेली लाइन जेवढी उष्णता गमावते, तेवढीच, किंबहुना थोडी अधिकच, हे २० व्हॉल्व्ह गमावतात. वर्षाचे ८,००० तास काम चालत असेल तर ही उष्णता सुमारे १,५२,००० किलोवॅट-तास होते. बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली आणि इंधन म्हणून फर्नेस ऑइल घेतले, तर एवढी उष्णता तयार करण्यासाठी सुमारे १७ टन तेल जाळावे लागते. यात हवा स्थिर धरली आहे. लाइन उघड्यावरून जात असेल आणि वारा लागत असेल, तर उघड्या भागाचा तोटा आणखी वाढतो. झाकलेल्या भागावर वाऱ्याचा परिणाम थोडाच होतो, कारण तेथे उष्णतेला होणारा बहुतेक अडथळा पत्र्याच्या आतच असतो.

वारंवार उघडावे लागते ही देखभाल विभागाची अडचण खरी आहे. व्हॉल्व्हवर पक्के लॅगिंग केले, तर पहिल्याच दुरुस्तीत ते तोडले जाते आणि पुन्हा कोणी करत नाही. त्यासाठी काढता-घालता येणारी जॅकेट मिळतात. आत रॉकवूल किंवा ग्लासवूलची गादी, बाहेर सिलिकॉनचा लेप दिलेले ग्लास फायबरचे कापड आणि बांधायला पट्टे अशी त्यांची रचना असते. एका माणसाला ते काही मिनिटांत काढता आणि परत बसवता आले पाहिजे. दोन माणसे आणि शिडी लागणारे अवजड जॅकेट लवकरच कोपऱ्यात जाऊन पडते. मागणी नोंदवताना तीन गोष्टी लेखी घालाव्यात. जॅकेटची दोन्ही टोके शेजारच्या लॅगिंगवर काही सेंटिमीटर चढलेली असावीत, तळाशी पाणी निचरण्यासाठी छिद्र असावे आणि प्रत्येक जॅकेटवर त्या व्हॉल्व्हचा क्रमांक कायमचा लिहिलेला असावा. शेजारच्या पाइपवरील लॅगिंगही फ्लँजपासून बोल्टच्या लांबीइतके अलीकडे थांबवावे, म्हणजे बोल्ट काढताना ते फाडावे लागणार नाही. कामाचा परवाना बंद करण्यापूर्वी जॅकेट जागेवर आहे का, हे तपासण्याची नोंद परवान्यातच ठेवावी. आमच्या मते जॅकेटच्या कापडाइतकेच महत्त्व या एका ओळीला आहे.

काही भाग मात्र मुद्दाम उघडे ठेवावे लागतात. थर्मोस्टॅटिक (तापमानावर चालणाऱ्या) प्रकारचा स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारे साधन, आणि त्याच्या आधीचा थोडा पाइप थंड होऊ द्यावा लागतो, अन्यथा कंडेन्सेट (वाफ निवून झालेले पाणी) मागे साचते. विजेवर चालणारे ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारी यंत्रणा), पंपांचे बेअरिंग आणि मोजमापाची उपकरणेही झाकू नयेत. ज्या फ्लँजमधून ज्वालाग्राही वायू किंवा घातक रसायन गळू शकते, तेथे सुरक्षा विभागाला विचारल्याशिवाय काहीही घालू नये.

प्रश्न : इन्सुलेशनची जाडी वाढवत गेल्यास बचतही वाढत जाते का? योग्य जाडी कशी ठरवावी? बारीक पाइपवर इन्सुलेशन केल्यास उष्णता उलट अधिक जाते, असेही पाठ्यपुस्तकात वाचले आहे.
— ऊर्जा व्यवस्थापनाची एक विद्यार्थिनी

उत्तर : जाडीबरोबर बचत वाढते, परंतु प्रत्येक पुढचा थर आधीच्या थरापेक्षा खूपच कमी वाचवतो. वरच्याच १०० मिलिमीटर पाइपचे उदाहरण घेऊ आणि रॉकवूलची उष्णतावाहकता ०.०४५ वॅट प्रति मीटर-केल्विन धरू. उघड्या पाइपमधून मीटरमागे ९४५ वॅट जात असतील, तर २५ मिलिमीटर इन्सुलेशनने ते सुमारे ९२ वर येतात, ५० मिलिमीटरने ५८ वर, ७५ मिलिमीटरने ४५ वर आणि १०० मिलिमीटरने ३८ वर. पहिल्या २५ मिलिमीटरने ८५० वॅटहून अधिक वाचले आणि शेवटच्या २५ मिलिमीटरने केवळ ७. पाइप गोल असल्यामुळे प्रत्येक पुढच्या थराला साहित्य आणि पत्राही अधिक लागतो.

इन्सुलेशनचा वार्षिक खर्च आणि गमावलेल्या उष्णतेचा वार्षिक खर्च यांची बेरीज ज्या जाडीला सर्वांत कमी येते, तिला किफायतशीर जाडी म्हणतात. इंधनाचा दर, वर्षातील कामाचे तास, बॉयलरची कार्यक्षमता, पाइपचा व्यास आणि तापमान यांवर ती अवलंबून असते. त्यामुळे एका कारखान्याचा तक्ता दुसऱ्या कारखान्यात जसाच्या तसा लावू नये. दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्वस्त इंधनाच्या दराने ठरवलेली जाडी आज अपुरी असू शकते; म्हणून जुने लॅगिंग बदलण्याची वेळ येईल तेव्हा हिशेब नव्याने करावा. हिशेबाची पद्धत आयएसओ १२२४१ या मानकात दिलेली आहे. उष्णतावाहकतेचा आकडा घेताना तो कोणत्या सरासरी तापमानाचा आहे हे अवश्य पाहावे, कारण तंतुमय साहित्याची वाहकता तापमानाबरोबर वाढते आणि माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा बहुधा कमी तापमानाचा असतो.

पाठ्यपुस्तकातील विधान बरोबर आहे, परंतु कारखान्यातील पाइपला ते सहसा लागू होत नाही. बाहेरची त्रिज्या क्रांतिक त्रिज्येपेक्षा कमी असेल तरच इन्सुलेशनमुळे उष्णता अधिक जाते. ही क्रांतिक त्रिज्या म्हणजे इन्सुलेशनची वाहकता भागिले पृष्ठभागाचा उष्णता-संक्रमण गुणांक (तापमानातील एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून हवेत जाणारे वॅट). वाहकता ०.०४५ आणि गुणांक १० धरला तर ती ४.५ मिलिमीटर येते, म्हणजे ९ मिलिमीटर व्यासाहून बारीक नळीपुरताच हा प्रश्न उरतो. विजेच्या तारांच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. स्टीम लाइनच्या बाबतीत त्याची चिंता करू नये.

प्रश्न : आमच्याकडील पाइप रॅकवरचे लॅगिंग बारा वर्षांचे आहे. पत्रा वरून बरा दिसतो, पण पावसानंतर काही सांध्यांतून वाफ निघताना दिसते आणि काही ठिकाणी तांबूस ओघळ आले आहेत. पत्र्याचे सांधे सीलंटने बंद करून काम भागेल का?
— देखभाल विभागातील एक वाचक

उत्तर : भागणार नाही. आपण वर्णन केलेल्या दोन्ही खुणा पाणी आत शिरल्याच्या आहेत आणि तांबूस ओघळ बहुधा पाइपच्या गंजाचे आहेत. या अवस्थेत वरून सीलंट भरले, तर आत शिरलेले पाणी आतच कोंडले जाईल.

प्रथम उष्णतेचा विचार करू. रॉकवूल उष्णता अडवते ते तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६ असते, तर पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे वीसपटींहून अधिक. शिवाय गरम पाइपजवळ पाण्याची वाफ होते, ती बाहेरच्या थंड पत्र्याखाली निवते, पाणी पुन्हा आत झिरपते, आणि प्रत्येक फेरीत उष्णता बाहेर नेली जाते. घनमीटरला १०० किलो वजनाच्या रॉकवूलमध्ये आकारमानाच्या केवळ ५ टक्के पाणी शिरले, तरी ते ५० किलो, म्हणजे त्या लोकरीच्या निम्म्या वजनाचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पत्रा पूर्वीसारखाच दिसतो. रॉकवूल पाणी शोषत नाही असे विक्रेते सांगतात आणि नव्या मालाबाबत ते बऱ्याच अंशी खरेही असते. परंतु तंतूंवरील जलरोधक द्रव्य साधारण २०० ते २५० अंशांपुढे जळून जाते. त्यामुळे फार गरम पाइपला लागून असलेला थर काही काळाने पाणी धरू लागतो.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. लॅगिंगखालचा गंज बाहेरून दिसत नाही आणि पाइपची जाडी कमी होऊन तो फुटेपर्यंत पुष्कळदा कळतही नाही. साध्या पोलादाला हा धोका साधारण गोठणबिंदूच्या आसपासपासून १७५ अंशांपर्यंत असतो. त्याहून गरम पाइपवर पाणी टिकत नाही, पण अधूनमधून बंद होणारी लाइन थंड होताना आणि पुन्हा तापताना याच पट्ट्यातून जाते, आणि अशाच लाइन सर्वाधिक खराब होतात. स्टेनलेस स्टीलचा पाइप असेल तर गंजाऐवजी क्लोराइडमुळे सूक्ष्म तडे जाण्याची भीती असते. पाण्यातील किंवा हलक्या प्रतीच्या इन्सुलेशनमधील क्लोराइड गरम पृष्ठभागावर साचत जाते आणि साधारण ५० अंशांपुढे ताणाखालील धातूला चिरा पाडते. म्हणून स्टेनलेस स्टीलवर घालायच्या साहित्याचे क्लोराइडविषयीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

आपण असे करावे. ओघळ आलेल्या जागा, आधारांच्या वरचा भाग, उभ्या पाइपचा तळ, नोझल व गेजभोवतालचे कापलेले पत्रे आणि पाऊल ठेवून दबलेले पत्रे यांची यादी करून त्या ठिकाणी लॅगिंग उघडावे. निघालेल्या लोकरीचा एक तुकडा वजन करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. किती पाणी होते हे त्यावरून निश्चित कळते. पाइपची जाडी अल्ट्रासोनिक गेजने मोजावी. जाडी पुरेशी असेल तर पृष्ठभाग घासून, त्या तापमानाला आणि ओलाव्याला टिकणारा रंग लावूनच नवे लॅगिंग करावे. लॅगिंग हेच पाइपचे संरक्षण आहे असे समजून आत रंग न देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती बंद व्हायला हवी. भिजलेली लोकर पाइपच्या उष्णतेने वाळेल म्हणून परत घालू नये, कारण एकदा भिजून बसलेल्या गादीची जाडी आणि घट्टपणा पूर्ववत होत नाही.

पत्रा बसवण्यातही काळजी लागते. आडव्या पाइपवर लांबीतला सांधा माथ्यावर कधीही येऊ देऊ नये; तो बाजूला, मध्यरेषेच्या खाली असावा आणि वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असावा. उभ्या पाइपवरही वरचा पत्रा खालच्याच्या बाहेरून येतो. सीलंट ही दुसरी फळी आहे. पाणी मुळात घसरून जाईल अशी पत्र्याची ठेवण ही पहिली.

प्रश्न : जुन्या रंगवलेल्या पत्र्याऐवजी कंत्राटदाराने नवा चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. रॉकवूलची जाडी तीच आहे. हात लावला असता नवा पत्रा जुन्यापेक्षा अधिक गरम लागतो. आमची फसवणूक झाली आहे का?
— एका रसायन कारखान्यातील पर्यवेक्षक

उत्तर : केवळ एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता (प्रारणाने उष्णता सोडण्याची क्षमता, ० ते १ या मापात) ०.१ किंवा त्याहून कमी असते, तर रंगवलेल्या पत्र्याची ०.९ च्या आसपास. उत्सर्जकता कमी असल्यामुळे नवा पत्रा प्रारणाने फारच थोडी उष्णता सोडतो आणि म्हणून तो अधिक तापतो. पहिल्या उत्तरातील पाइपचा हिशेब स्थिर हवेत केला, तर रंगवलेल्या पत्र्याचे तापमान सुमारे ४० अंश आणि चकचकीत पत्र्याचे सुमारे ४८ अंश येते. बाहेर जाणारी उष्णता मात्र अनुक्रमे ५९ आणि ५५ वॅट, म्हणजे गरम लागणाऱ्या पत्र्यातूनच ती थोडी कमी जाते. धातूच्या पृष्ठभागाचे तापमान कामगारांच्या सुरक्षिततेसाठी साधारण ६० अंशांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे, तेवढे मात्र पाहावे. जेथे माणसांचा हात सतत लागतो तेथे रंगवलेला पत्रा घेणे योग्य ठरते.

याच कारणाने एक इशारा द्यावासा वाटतो. थर्मल कॅमेरा चकचकीत पत्र्यावर रोखला तर तो पत्र्याचे तापमान न दाखवता त्यात परावर्तित होणाऱ्या भोवतालच्या वस्तूंचे तापमान दाखवतो. पाहणीच्या अहवालात संपूर्ण लाइन निळी, थंड आणि उत्तम दिसते, आणि तो अहवाल निरुपयोगी असतो. पत्र्यावर काळ्या, चमक नसलेल्या, विजेच्या कामातील इन्सुलेशन टेपचा लहान तुकडा चिकटवावा, तो पत्र्याच्या तापमानाला येईपर्यंत काही मिनिटे थांबावे आणि कॅमेऱ्यात उत्सर्जकता ०.९५ ठेवून त्या तुकड्यावर मोजमाप घ्यावे.

प्रश्न : उष्णतारोधक रंगाचा १ मिलिमीटर थर दिल्यास लॅगिंगची गरज उरत नाही, असे एक विक्रेता सांगतो. हे कितपत खरे आहे?
— एक लघुउद्योजक

उत्तर : विक्रेत्याकडून रंगाच्या उष्णतावाहकतेचा प्रमाणित आकडा मागा, मग उत्तर आपणच काढू शकाल. ती ०.०६ आहे असे उदारपणे धरले, तर १ मिलिमीटर थराचा उष्णतारोध ०.००१ भागिले ०.०६, म्हणजे सुमारे ०.०१७ येतो. १७० अंशांच्या उघड्या पृष्ठभागावरील हवेच्या पातळ थराचा स्वतःचा रोधच सुमारे ०.०५३ असतो. दोन्हींची बेरीज ०.०७. तेव्हा उष्णतेचा तोटा सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, आणि ५० मिलिमीटर रॉकवूलने तो नऊ-दशांशाहून अधिक कमी होतो. जेथे लॅगिंग बसवायला जागाच नाही, किंवा हात भाजू नये एवढाच उद्देश आहे, तेथे अशा रंगाचा उपयोग आहे. इंधन वाचवण्यासाठी तो लॅगिंगची जागा घेऊ शकत नाही. जागा अपुरी असेल आणि बचतही हवी असेल, तर एअरोजेलच्या चादरीचा विचार करावा. तिची वाहकता ०.०२ च्या आसपास असल्याने निम्म्याहून कमी जाडीत तेच काम होते. ती महाग पडते, पण अडचणीच्या जागी तिला चांगला पर्याय नाही.

प्रश्न : शीतकरण यंत्रणेच्या उणे १० अंशांच्या ब्राइन (थंड खारट पाण्याच्या) लाइनवर इन्सुलेशन असूनही सांध्यांवर बर्फ साचतो आणि खाली सतत पाणी ठिबकते. जाडी वाढवावी का?
— अन्नप्रक्रिया उद्योगातील एक तंत्रज्ञ

उत्तर : बर्फ सांध्यांवरच साचत असेल तर दोष जाडीचा नसून बाष्परोधक थराचा आहे. थंड पाइपच्या बाबतीत हवेतील बाष्प बाहेरून आत ओढले जाते. बाष्परोधक थराला कोठेही फट, चीर किंवा स्क्रूचे छिद्र असले, की बाष्प आत शिरून पाइपवर निवते, गोठते आणि फट रुंदावत नेते. पॉलियुरेथेन फोमची वाहकता सुमारे ०.०२५ असते आणि बर्फाची सुमारे २.२, म्हणजे ऐंशीपटींहून अधिक. त्यामुळे बर्फ भरलेला सांधा इन्सुलेशन नसल्यासारखाच वागतो. उष्णता आत येते ती काढण्यासाठी कॉम्प्रेसरला वीज लागते आणि पाइप जितका थंड, तितकी प्रत्येक एककामागे ती अधिक लागते. म्हणून तेवढीच गळती स्टीम लाइनपेक्षा येथे पुष्कळदा महाग पडते.

सांध्यांजवळचे इन्सुलेशन कोरड्या भागापर्यंत कापून काढावे आणि लाइन बंद ठेवून पाइप पूर्ण वाळवावा. नंतर बंद पेशींचे (पाणी आत झिरपू न देणारे) साहित्य दोन थरांत, सांधे एकमेकांवर येणार नाहीत अशा रीतीने बसवावे. बाष्परोधक थर सलग ठेवावा आणि वरचा पत्रा स्क्रूने न आवळता पट्ट्यांनी बांधावा. दर काही मीटरवर बाष्परोधक थर थेट पाइपपर्यंत आणून चिकटवावा, म्हणजे एका ठिकाणी बाष्प शिरले तरी ते लाइनभर पसरणार नाही. आधाराच्या जागी धातूचा पाइप थेट धातूच्या कंसावर टेकलेला असेल तर तेथेही बर्फ येणारच. तेथे कठीण फोमचे ठोकळे घालावेत.

जाडी पुरेशी आहे का, हे दवबिंदूवरून, म्हणजे हवेतील बाष्प ज्या तापमानाला निवू लागते त्यावरून ठरते. हवा ३० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग त्यामुळे हवेपेक्षा चार अंशांहून अधिक थंड होऊन चालत नाही. आर्द्रता ९० टक्के झाली की ही सवलत दोन अंशांच्या आत येते. वर्षातील सर्वांत दमट दिवसांचा विचार करूनच जाडी ठरवावी.

प्रश्न : आमच्या भट्टीच्या बाहेरील पोलादी कवचाचे तापमान १२० अंश आहे. कवचावर बाहेरून रॉकवूल लावून उष्णता वाचवता येईल का?
— उष्णता-प्रक्रिया विभागातील एक वाचक

उत्तर : बाहेरून लावू नये. रिफ्रॅक्टरीचे (उच्च तापमानाला टिकणाऱ्या विटा वगैरेंचे) अस्तर असलेल्या भट्टीत कवच थंड राहील असे गृहीत धरूनच रचना केलेली असते. बाहेरून झाकल्यास कवच, अस्तर धरून ठेवणारे अँकर आणि आतील प्रत्येक थर यांचे तापमान वाढते. पोलाद मऊ पडून कवच वाकू शकते आणि आतल्या विटा त्यांच्या मर्यादेपलीकडे तापू शकतात.

आपली काळजी मात्र रास्त आहे. १२० अंशांच्या कवचातून दर चौरस मीटरला सुमारे १.३ किलोवॅट उष्णता जाते. तेच तापमान ७० अंशांवर आणले तर ती साधारण एक-तृतीयांश होते. हे काम आतून करायचे असते. अस्तर बदलण्याच्या वेळी विटेमागे उष्णतारोधक थर वाढवता येतो, मात्र थरांमधील तापमानाचा हिशेब रिफ्रॅक्टरी पुरवठादाराकडून लेखी घ्यावा. भट्टी रोज तापवून थंड करावी लागत असेल, तर सिरॅमिक फायबरच्या अस्तराचा फायदा दुहेरी होतो. भाजलेली वीट घनमीटरला सुमारे २,००० किलो भरते आणि फायबर सुमारे १२८ किलो. त्यामुळे प्रत्येक वेळी अस्तर तापवण्यात वाया जाणारी उष्णताच खूप कमी होते. यातील पारंपरिक फायबर युरोपीय संघात माणसासाठी कर्करोगकारक गृहीत धरलेल्या पदार्थांच्या वर्गात (१ बी) येतो. शक्य तेथे शरीरात लवकर विरघळणारे पर्यायी तंतू निवडावेत, आणि जुने अस्तर काढताना योग्य मास्कशिवाय कोणालाही आत पाठवू नये.

अस्तराला हात लावण्यापूर्वी दरवाजा पाहावा. ९०० अंशांच्या भट्टीच्या उघड्या भागातून दर चौरस मीटरला १०० किलोवॅटहून अधिक उष्णता प्रारणाने बाहेर पडू शकते. दरवाजाच्या कडेला १० मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब फट असेल, तर तिच्यातून जास्तीत जास्त सुमारे एक किलोवॅट, म्हणजे आपल्या कवचाच्या जवळजवळ एक चौरस मीटरइतकी उष्णता जाते, आणि फटीतून शिरणाऱ्या थंड हवेचा तोटा वेगळाच. दरवाजाच्या दोरीचे पॅकिंग बदलणे हे एका पाळीचे काम असते.

प्रश्न : जुन्या बॉयलर हाउसमधील पाइपवर पांढऱ्या प्लास्टरसारखे कठीण लॅगिंग आहे आणि ते ठिकठिकाणी भुरभुरीत झाले आहे. ते काढून नवे घालण्याचे काम आमच्याच कामगारांकडून करून घ्यावे का?
— एक कारखाना व्यवस्थापक

उत्तर : नमुना तपासल्याशिवाय कोणालाही ते फोडू, खरवडू किंवा झाडू देऊ नका. जुन्या काळच्या अशा लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेले असण्याची शक्यता मोठी असते. मॅग्नेशियाच्या लॅगिंगमध्ये तर ते तंतूंचे बळ देण्यासाठी मुद्दाम घालत असत. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (प्रामुख्याने फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार होऊ शकतात, आणि ते पुष्कळदा दोन-तीन दशकांनी प्रकट होतात. नमुना घेण्याचे कामही प्रशिक्षित व्यक्तीकडून, जागा ओली करून आणि प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणेच करून घ्यावे. ॲस्बेस्टॉस आढळल्यास ते काढणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे त्या कामाचा परवाना असलेल्या संस्थेकडेच द्यावे. तोपर्यंत भुरभुरीत भागाखालून ये-जा बंद ठेवावी, तेथे दाबाच्या हवेने सफाई करू नये, आणि तेथे काम केलेल्या कामगारांची नावे व तारखा नोंदवून ठेवाव्यात. पुढे त्यांच्या वैद्यकीय तपासणीला त्या नोंदी लागतील.